तिरपं, आडवं, उरेब

आदिलाबादहून हैदराबादला रस्त्याने निघालं, की राष्ट्रीय महामार्ग ४४ फारसे आढेवेढे घेत नाही. निर्मलचा घाट उतरायचा, गोदावरी ओलांडायची, आर्मूर आणि कामारेड्डी मागे टाकायचं की राजधानीची वाट सरळच आहे. रेल्वेचं तसं नाही. आदिलाबाद स्टेशनातून सुटलेली गाडी आधी महाराष्ट्रात शिरते, किनवट, हिमायतनगर, भोकर करत मुदखेडपर्यंत येते आणि मग बासर-निजामाबादच्या बाजूने पुन्हा तेलंगणात उतरते. दुसऱ्या टोकाचे रूळ धरावेत तर ते पिंपळखुटीला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात नेतात. आपल्याच राज्याची राजधानी गाठायला शेजारच्या राज्याला वळसा. निर्मल-आर्मूरवरून थेट रूळ टाकावेत, ही जिल्ह्यातली जुनी मागणी आहे.

मराठीत याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. नाक चेहऱ्यासमोर असताना हात डोक्यामागून नेऊन ते धरायचं. इंग्रज माणूस अशा वेळी घरांना वळसा घातल्याचं बोलतो, 'राउंड द हाउसेस'. अमेरिकेतली जुनी माणसं 'रॉबिन हूडच्या कोठाराला वळसा' म्हणत. रानात राहणाऱ्या दरोडेखोराला कोठार कुठलं? सगळं रान हेच त्याचं कोठार, म्हणून वळसाही तेवढा मोठा, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मराठी वाक्प्रचार मात्र आदिलाबादेत जरा अवघड जागी येऊन बसतो. तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा तीन द्राविडी भाषा जिथे नांदतात, तिथल्या बेला-जैनदकडच्या मराठी माणसाने लांबच्या वाटेला 'द्राविडी' म्हणणं शेजारधर्माला धरून नाही.

शिवाय ही वाट मुळात वाकडी नव्हतीच. निजामाच्या काळात हे रूळ पडले तेव्हा नांदेड, किनवट, आदिलाबाद सगळं हैदराबाद संस्थानात होतं. किनवट तर आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि किनवट नांदेड जिल्ह्यासोबत द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं. राजुरा तालुकाही तेव्हाच आदिलाबादेतून सुटला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. रूळ जिथल्या तिथे राहिले, हद्द सरकली.

सरळ नसलेल्या गोष्टींसाठी इंग्रजीत शब्दांचा सुकाळ आहे. स्लँट, टिल्ट, लीन, स्क्यू, ऑब्लिक, डायगोनल, बायस, क्रुकेड, अराय, डीव्हियस: यादी सहज पानभर होईल. त्यांची कुळं मात्र वेगवेगळी आहेत. 'स्लँट' स्कँडिनेव्हियातून आला आणि त्याच्या मुळाशी घसरणं आहे. 'क्रुकेड'मध्ये नॉर्स भाषेतला आकडा आहे, दाराला किंवा विहिरीच्या दोराला असतो तसा. 'स्क्यू' हा फ्रेंचांकडून आलेला शब्द. अंग चोरणं, टाळणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि वर्ज्य करणं या अर्थाचा 'एस्च्यू' हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे भिंतीवरची तसबीर 'अस्क्यू' असते तेव्हा ती, शब्दाच्या जुन्या हिशेबाने, सरळ रेषेला टाळत असते.

'डीव्हियस'ची गोष्ट अधिक बोलकी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाट सोडून असलेला. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत आला तेव्हा आडबाजूच्या, दूरच्या ठिकाणांना लागत असे. आपल्या आडगावाला जसं आडगाव म्हणतात, तसा तो साधा भूगोलाचा शब्द होता. पुढे त्याने माणसं पकडली आणि आज इंग्रजीत डीव्हियस म्हणजे कावेबाज. रस्त्यावर नसलेलं गाव बिचारं निर्दोष असतं. रस्त्यावर नसलेल्या माणसाबद्दल मात्र शंका घेतली जाते.

गंमतीचे शब्दही आहेत. चौकात आपण उभे आहोत त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्याला अमेरिकेत 'किटी-कॉर्नर' म्हणतात. मांजराशी त्याचा काही संबंध नाही. फाशांवरच्या चाराच्या दानाला फ्रेंच 'कात्र'वरून इंग्रजीत 'केटर' म्हणत. त्याचं केटर-कॉर्नर झालं, पुढे कॅटी आणि शेवटी किटी. शब्दाचा अर्थ हरवला की लोक त्यात ओळखीचा प्राणी आणून बसवतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन विनोदी लेखकांनी तर 'स्लँट' आणि 'पर्पेंडिक्युलर' यांचं लग्न लावून 'स्लँटिंडिक्युलर' जन्माला घातला. उभाही नाही आणि आडवाही नाही अशा स्थितीसाठी यापेक्षा प्रामाणिक शब्द क्वचितच सापडेल.

हे सगळे शब्द मराठी शब्दांशेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. कोन किती मोठा, यावर शब्दाची अब्रू ठरते. थोडं झुकणं दोन्ही भाषांना चालतं, नव्हे आवडतं. कल, ओढा, झुकाव हे आवडीचे शब्द आहेत. मतमोजणीच्या सकाळी वाहिन्यांवर 'कल' येऊ लागतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. इंग्रजीतले 'लीन' आणि 'इन्क्लिनेशन' असेच सभ्य. 'प्रोक्लिव्हिटी'च्या पोटात तर लॅटिनमधला नुसता डोंगरउतार आहे. गवंडी न्हाणीघराच्या फरशीला ढाळ देतो तेव्हा तो कौशल्याचं काम करत असतो. कोन वाढला की भाषा सावध होते. वाकडी वाट, वाकड्यात शिरणं, वाकडा डोळा: इथे चारित्र्याचा प्रश्न येतो. 'तिरपा' हा शब्द मात्र मराठीने भूमितीतच ठेवला. रेघ तिरपी असते, टोपी तिरपी असते, माणूस तिरपा नसतो. माणसाच्या बोलण्याबद्दल काही म्हणायचं असेल तर 'तिरकस' हा वेगळा, धार लावलेला शब्द तयार आहे.

मराठीतला खरा श्रीमंत वाडा 'आड' या दोन अक्षरांचा. आडवा, आडवाट, आडवळण, आडकाठी, आडमुठा, आडोसा, आडपडदा, आडनाव. यात अडवणारे शब्द आहेत तसे झाकणारे आणि राखणारेही आहेत. आडोसा पावसापासून वाचवतो. आडून बोलणारा माणूस कधी भित्रा असतो, कधी भिडस्त, कधी फक्त समोरच्याला तोंडघशी न पाडणारा. इंग्रजीतल्या वळणाच्या शब्दांना हा मऊपणा फारसा साधलेला नाही. 'इन्सिन्युएट'मध्ये लॅटिनमधली वक्र वाट आहे, 'इन्युएंडो'मध्ये मानेने केलेली खूण. दोन्ही आज आरोपाच्या जवळ जाऊन बसलेत.

हा 'आड' आला कुठून? तेलुगूत आडव्याला 'अड्डम्' म्हणतात, कन्नडमध्ये 'अड्ड', आणि भाषाभ्यासक या शब्दांचं मराठी-हिंदीतल्या आड, आडाशी नातं जोडतात. आदिलाबादच्या बाजारात कापसाची गाडी रस्त्यात उभी राहिली तर तेलुगू माणूस 'अड्डम्' म्हणून ओरडतो, मराठी माणूस 'आडवी लावली' म्हणून, आणि भांडणाला दुभाषी लागत नाही. द्राविडी प्राणायाम म्हणून हसणाऱ्या मराठीच्या आडवळणाचं मूळच द्राविडी निघावं, ही गोष्ट त्या वाक्प्रचाराला शोभण्यासारखी आहे. वाकड्याचं उलट झालं. तेलुगूतला 'वंकर' आणि मराठीतला 'वाकडा' दोघेही संस्कृत-प्राकृतातल्या वक्र-वंक या घराण्याकडे बोट दाखवतात.

आडून बोलण्याची मराठी घरातली सर्वांत पक्की पद्धत म्हणजे लेकी बोले, सुने लागे. बोलणं लेकीशी, बाण सुनेला. वाक्यात सुनेचं नाव नसतं, आवाजात राग नसतो, आणि तरीही घरातल्या प्रत्येकाला पत्ता कळतो. इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही. समजावून सांगायचं तर तीन वाक्यं लागतात. दुसरी पद्धत गोडीची: उखाण्यात नाव घेणं. नवऱ्याचं नाव थेट उच्चारायचं नाही हा जुना दंडक, म्हणून ते यमकाच्या आडोशाने घ्यायचं. दंडक गेला, उखाणा राहिला, आणि आता नवरेही नाव घेतात.

सरकारी आडवळणाला मात्र दोन्ही संस्कृतींनी सारखाच न्याय दिला आहे. चार्ल्स डिकन्सने १८५५ ते १८५७ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'लिटल डॉरिट' या कादंबरीत 'सर्कम्लोक्यूशन ऑफिस' नावाचं एक खातंच काढलं. काम कसं करायचं नाही, हे शोधून काढणं हा त्या खात्याचा उद्योग. मराठी कचेरीत त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. 'बघू' हा एक शब्द पुरतो. आणि साहित्यात याच वळणाला सिंहासन मिळालं आहे. काश्मीरमधल्या कुंतकाने हजारएक वर्षांपूर्वी 'वक्रोक्तिजीवित' लिहिलं आणि वाकडं बोलणं हाच काव्याचा प्राण ठरवला.

शिंप्याच्या दुकानात तिरप्याला आणखी एक नाव आहे: उरेब. फारसीतून आलेला हा शब्द ज्यांनी शिवणकाम शिकलंय त्यांना लगेच कळतो. आता क्रॉस पट्टीही म्हणतात. कापडात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात धरून असतात. त्या दोन्ही दिशांना कापड ओढलं तर ते फारसं ताणलं जात नाही. पंचेचाळीस अंशांत ओढलं की विणीतले बारीक चौकोन कलतात आणि कापड लवचिक होतं. म्हणून ब्लाउजच्या गळ्याला, बाहीच्या मुंढ्याला उरेब पट्टी लावतात. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर चुण्या पाडते. इंग्रजीत हीच उरेब म्हणजे 'बायस'. मॅदलेन व्हिओने या पॅरिसच्या फॅशनकार बाईंनी १९२०च्या दशकात अख्खे पोशाख उरेब कापून अंगावर पाण्यासारखे सोडले आणि नाव कमावलं. पण त्याआधीच हा शब्द खेळात शिरला होता. इंग्लंडमधल्या हिरवळीवरच्या बोल्स या खेळात चेंडू एका बाजूला मुद्दाम जड किंवा कमी गोल ठेवत, म्हणजे तो घरंगळताना वळतो. त्या वळण्याला बायस म्हणत. चेंडूवरून तो मनावर आला आणि पूर्वग्रह झाला. मराठीत उरेब शिंप्याकडेच राहिली. पक्षपाती न्यायाधीशाला कोणी उरेब म्हणालेलं ऐकिवात नाही, आणि ही संधी वाया गेली असं वाटतं.

मराठीकडे असलेला आणि इंग्रजीकडे नसलेला एक शब्द म्हणजे तिरीप. कौलांच्या फटीतून किंवा कुडाच्या भोकातून आत आलेला उन्हाचा तिरपा कवडसा. इंग्रजीत किरणाला 'रे' आहे, 'बीम' आहे, 'शाफ्ट' आहे. त्यातला एकही स्वतःहून कलत नाही, त्याला वेगळं विशेषण लावावं लागतं. आदिलाबाद हा तेलंगणातला थंडीसाठी ओळखला जाणारा जिल्हा, आणि त्या थंडीतही तिरपेपणाचा हात आहे. शहर सुमारे १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत एकेका दुपारी सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. तेवढंच ऊन जास्त जमिनीवर पसरतं आणि रात्री लांबतात. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कलला आहे म्हणून हे घडतं. खगोलशास्त्रात त्या कलण्याचं नाव 'ऑब्लिक्विटी'. प्राचीन ग्रीकांनी सूर्याच्या कलण्यावरून पृथ्वीचे पट्टे पाडले होते. कलण्याला त्यांच्या भाषेत 'क्लिमा' म्हणत. आजचा 'क्लायमेट' हा शब्द तिथूनच निघाला. हवामानाच्या नावातच उतार दडलेला आहे.

उतार म्हटला की पाणी आलंच. दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. त्र्यंबकेश्वरला उगवणारी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असूनही पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. या मोठ्या उतारावर जुना, म्हणजे २०१६ पूर्वीचा, आदिलाबाद जिल्हा दुपाखी छपरासारखा बसला आहे. मधल्या डोंगररांगेच्या दक्षिणेच्या पाख्यावर पडलेलं पाणी कडम नदीत जातं, कुंटाल्याला सुमारे ४५ मीटरची उडी घेतं आणि फार न भटकता गोदावरीत पोचतं. उत्तरेच्या पाख्यावर पडलेलं पाणी आधी उलट्या दिशेला, पैनगंगेकडे जातं. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता कालेश्वरमला गोदावरीत उतरते. एकाच डोंगरावरचे पावसाचे दोन थेंब, आणि त्यातल्या एकाला जुन्या जिल्ह्याची निम्मी प्रदक्षिणा घडते.

रुळांना लावलेल्या तिरपेपणाचं इंग्रजी नाव 'कँट'. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे डबा आत झुकतो आणि वेगाने बाहेर फेकला जात नाही. ब्रॉडगेजवर हा फरक जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर ठेवतात. त्याच अक्षरांचा इंग्रजीत दुसरा 'कँट' आहे: ढोंगी, तोंडदेखलं बोलणं. तो गाण्यावरून आला, भिकाऱ्यांच्या सुरावरून. पहिला कडेवरून, धारेवरून. दोघांचं रक्ताचं नातं नाही, तरी तिरपं आणि खोटं एकाच स्पेलिंगखाली राहायला आले.

व्याकरणातही तिरपेपणा आहे आणि तो मराठी माणूस दिवसभर वापरतो. ग्रीक व्याकरणकारांनी विभक्तीला 'पडणं' म्हटलं. कर्त्याचं रूप उभं, बाकीची रूपं कलून पडलेली. लॅटिनने तेच उचललं आणि इंग्रजीत अशा रूपाला 'ऑब्लिक' म्हणू लागले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हापासून मराठी मुलं जे सामान्यरूप शिकत आली आहेत, ते हेच. प्रत्यय जवळ आला की नाम वाकतं. घोडा 'घोड्याला' होतो, पैनगंगा 'पैनगंगेला', इच्चोडा 'इच्चोड्याला'. किनवट, भोकर अशी काही गावं ताठ राहतात. तेलुगूतही हीच रीत आहे: 'इल्लु' म्हणजे घर, घराला म्हणायचं तर 'इंटिकि'. दोन्ही भाषा बोलणारं आदिलाबादचं पोर एकाच दुपारी दोन वेगळ्या घराण्यांतल्या नामांना वाकवतं. इंग्रजीने ही सवय जवळजवळ सोडली. 'ही' आणि 'हिम', 'हू' आणि 'हूम' अशा थोड्या सर्वनामांत तिचे अवशेष उरलेत, आणि 'हूम'चेही दिवस भरत आलेत.

राहिली ती छापील तिरपी रेघ. इंग्रजीत तिला स्लॅश, स्ट्रोक, सॉलिडस, व्हर्ग्यूल अशी नावं आहेत. भारतातल्या कचेऱ्यांत अजूनही फाइलचा नंबर वाचताना 'ऑब्लिक' म्हणतात. बोलीत ती 'बाय' होते: सर्व्हे नंबर पंचेचाळीस बाय दोन. महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रसिद्ध कागदात तर ती ऐकूच येत नाही. गाव नमुना ७ हा हक्काचा, १२ हा पिकांचा. दोन्ही मिळून ७/१२ असं लिहितात आणि सातबारा म्हणतात. पैनगंगेच्या दक्षिणेला तोच शेतकरी पहाणी मागतो. पहाणी हा मराठी 'पाहणी'च, शेत पाहून केलेली नोंद. हैदराबाद संस्थानाच्या महसुलातून तो तेलुगूत गेला आणि तिथेच रुळला. २०२० मध्ये तेलंगणाने या नोंदी 'धरणी' पोर्टलवर नेल्या आणि २०२५ मध्ये त्यांची जागा 'भू भारती'ने घेतली. गावात शब्द मात्र पहाणी हाच चालतो.

या दोन कागदांच्या मधोमध काही गावं अडकली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्या हद्दीवर परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशा डझनभराहून अधिक वस्त्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. केरामेरी २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. इथले बरेच लोक मराठी बोलतात, दोन्ही राज्यांची रेशनकार्डं बाळगतात आणि दोन्हीकडे मतदान करतात. महाराजगुड्यातल्या एका घराच्या मधूनच हद्द जाते, ही बातमी डिसेंबर २०२२ मध्ये देशभर गाजली. आठ खोल्यांपैकी चार महाराष्ट्रात, चार तेलंगणात. स्वयंपाकघर तेलंगणाच्या बाजूला, आणि कर दोन्ही राज्यांना.